मर्टल हॉवर्थ आणि भिंतीवरचं बटण

मर्टल हॉवर्थ कुणाच्याही खोलीत झाडायला शिरली की आधी अंथरूण बघायची नाही की कचऱ्याची टोपली बघायची नाही. तिची नजर पहिल्यांदा टीव्हीवर. टीव्ही असला, तर त्याच्या बुडातनं वायर निघून भिंतीत गेलीय का, त्याच्यावर. गेली असली, तर पोराच्या तोंडावर. आणि मग तो ठरलेला प्रश्न.

"परवाना काढलायस का रं?"

इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या त्या विद्यार्थी वसतिगृहात, मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, बावीस वर्षं ती साफसफाईला होती. तिकडे टीव्ही बघायचा तर दरवर्षी पैसे भरून परवाना काढावा लागतो, नाहीतर दंड. बावीस वर्षांत गाद्या बदलल्या, पडदे बदलले, पोरांच्या केसांच्या तऱ्हा बदलल्या. प्रश्न बदलला नाही. आणि उत्तरंही बदलली नाहीत. एक म्हणायचा, विद्यार्थ्यांना माफ असतो. दुसरा म्हणायचा, एवढी फी भरतो, त्यातच आला असेल. एक पोरगी म्हणाली होती, माझा टीव्ही एवढासा आहे, पावाच्या डब्याएवढा, त्याला कोण विचारतंय! तत्त्वज्ञान शिकणारा एक लांबुडका पोरगा तर म्हणाला, "मी बघतच नाही, मर्टल. तो चालू असतो आणि मी त्याच खोलीत असतो."

मर्टल कमरेवर हात ठेवायची.

"लेकरा, फीमध्ये तुझं डोकं येतं, टीव्ही न्हाई येत. कार्यक्रम ज्या येळंला लागतो त्याच येळंला बघायचा आसंल तर परवाना पायजे. मग तू विद्यार्थी अस, न्हाईतर बिशप अस."

पोरं हसायची. मर्टल हसायची नाही. सप्टेंबर सरता सरता खोल्याखोल्यांच्या नावानं परवान्याची पत्रं यायची, वर लाल अक्षरं. पोरं त्यावर चहाचे कप ठेवायची. मर्टल कप उचलायची, पत्र पुसायची, आणि उशीवर ठेवून द्यायची. उठता-बसता दिसलं पाहिजे.

तिची आणखी एक खोड मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिच्यापायी शिव्याही बसायच्या. व्हॅक्यूमची पिन काढायच्या आधी ती भिंतीवरचं बटण बंद करायची, आणि बंद केलेलं बटण बंदच ठेवायची. उघड्या बटणातनं वीज सांडते, असं तिची आई म्हणायची. तसं काही नसतं हे मर्टलला कळत होतं, पण बोटांना कोण समजावणार? पोरं रात्री फोन चार्जिंगला लावून झोपायची आणि सकाळी फोन मेलेला. "मर्टल येऊन गेली वाटतं," म्हणायची.

हे परवान्याचं एवढं वेड कुठनं आलं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती अकरा वर्षांची असताना त्यांच्या घरी टीव्ही आला. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती, आई, नेली तिचं नाव, सूतगिरणीत साच्यावर होती. टीव्ही विकत कोण घेतंय त्या काळात? भाड्यानं आणायचा. त्याच्या पाठीला पत्र्याची पेटी, पेटीला फट. सहा पेन्सचं नाणं फटीत टाकलं की टीव्ही चालू. नाणं सरलं की खटकन अंधार, मग पडद्यावर लग्न लागत असो की खून पडत असो. महिन्याला दुकानाचा माणूस यायचा आणि पेटी रिकामी करून न्यायचा. गल्लीतली पोरं दारात गोळा व्हायची. नेली सगळ्यांना आत घ्यायची आणि राणीसारखी खुर्चीत बसायची.

एक दिवस दुसराच माणूस आला. टोपी काढून म्हणाला, परवान्याचं बघायला आलोय. नेलीनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, साखर दोन चमचे. आणि मोठ्या अभिमानानं टीव्हीच्या मागं नेऊन ती पेटी दाखवली.

"हे बघा साहेब. आमी रोजच्या रोज भरतो. येक दिस चुकत न्हाई."

बाईला वाटलं होतं, ही पेटी म्हणजेच परवाना. माणसानं चहा संपवला आणि ते लिहून घेतलं.

दंड झाला. दंडाचं दुःख नव्हतं तिला, दंड फिटला. पण शुक्रवारच्या सांजपेपरात, चोरलेल्या सायकली आणि दारू पिऊन घातलेला धिंगाणा यांच्या मधोमध, नाव छापून आलं. विधवा, गिरणी कामगार, बिनपरवाना टीव्ही. गिरणीतल्या बायका म्हणाल्या, आगं, पेटीत नाणं टाकायचं विसरलीस काय नेली? टीव्ही परत गेला. भिंतीच्या कागदावर त्याच्या आकाराचा चौकोन उरला, बाकी भिंतीपेक्षा उजळ. मरेपर्यंत नेली मधेच हातातलं काम थांबवून म्हणायची, "पर म्या भरत हुते की गं."

तेव्हापासनं मर्टलच्या घरात गॅसच्या आधी परवाना, मांसाच्या आधी परवाना. लग्न झाल्यावर नवरा क्लिफर्ड चेष्टेनं म्हणायचा, "आमच्या बायकूला नवरा नसला तरी चालंल, परवाना पायजे." आता तो नव्हता, आणि परवाना होता.

क्लिफर्डनं तिला एक व्यसन मात्र लावून ठेवलं होतं. स्नूकरचं, टेबलावरचे चेंडू काठीनं भोकात ढकलायच्या खेळाचं. गिरणीकामगारांच्या क्लबात तो खेळायचा, आणि घरी आला की जेवणाच्या टेबलावर वाटाणे मांडून तिला डाव समजवायचा. दर वसंतात शेफील्डला मोठी स्पर्धा भरली की दोघं शेजारी बसून बघायची. तो गेल्यावर ती एकटीच बघत होती, पण दुपारचे डाव कामात बुडायचे.

मग चौदा नंबरच्या खोलीत बेथन प्रॉसर आली.

वेल्सच्या खाणींच्या डोंगरातली पोरगी. आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलेली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मांजरासारखी हलकी चालायची, आणि खोली इतकी नीट ठेवायची की मर्टलला झाडायला काही उरायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मर्टलनं विचारलं, "टीव्ही न्हाई व्हय तुझ्याकडं?"

"लॅपटॉपवर बघते."

"मग परवाना?"

"आजीच्या घरी आहे ना परवाना. त्यातच माझं भागतं," बेथन म्हणाली.

घरी परवाना आहे एवढं ऐकलं आणि मर्टलच्या जिवाला गारवा आला. पुढचं तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

एप्रिलात स्पर्धा लागली तशी मर्टल दुपारी दोनच्या सुट्टीला चौदा नंबरात बसायला लागली. ती बाजारातनं दोन बटर-पाई आणायची, बटाटा-कांदा भरलेल्या, गरम. बेथन चहा करायची. मग दोघी पलंगाच्या कडेला, लॅपटॉप टेबलावर, आणि शेफील्डचं ते हिरवं कापड समोर. खेळाडूंची नावं मर्टलला नकोच असायची. एक टकल्या, एक लाल वेस्टकोटवाला, एक रडतोंड्या.

बेथनची एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. स्नूकर लावायच्या आधी पोरगी न चुकता लॅपटॉपची वायर काढून गुंडाळून ठेवायची. मर्टलला वाटलं, गरिबाघरची आहे, वसतिगृहाची वीजसुद्धा जपून वापरते. तिला त्याचं कौतुकच होतं.

त्या मंगळवारी शेवटचा डाव होता. टकल्या आणि लाल वेस्टकोट, तोवर दोघांनी सारखेच डाव जिंकलेले. मर्टल अर्धवट झाडून व्हॅक्यूम तसाच ठेवून बसली होती. आदल्या दिवशीच बेथनला हॉस्पिटलातनं पत्र आलं होतं. सप्टेंबरपासनं मुलांच्या वॉर्डात नोकरी. सोबत एक फॉर्म होता, टेबलावरच पडलेला. त्यात एक रकाना होता, तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? पोरीनं अजून खूण केली नव्हती.

"त्यात काय इचार करायचाय?" मर्टल म्हणाली. "न्हाई म्हण आन् मोकळी हो."

"शाई बदलायचीय. निळी चालत नाही म्हणे," बेथन हसली. "चहा आणू अजून?"

"आण. पर पळ. टकल्या वाकलाय."

बेथन स्वयंपाकघरात गेली. मर्टल एकटी. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक बारकी खूण लाल होऊन उघडझाप करायला लागली. मर्टलला एवढं समजत होतं, हे मशीन उपाशी आहे, आणि आता टकल्याच्या ऐन नेमाच्या वेळी मरणार. पोरगी चहा घेऊन येईल आणि बघते तर अंधार!

ती उठली. टेबलाखाली वाकून व्हॅक्यूमची पिन काढली, बेथनच्या चार्जरची पिन भिंतीत खोचली, दुसरं टोक लॅपटॉपला. चित्र होतं तसंच राहिलं. "जेव आता पोटभर," ती मशीनला म्हणाली आणि परत पलंगावर येऊन बसली.

तेवढ्यात दार वाजलं. चौकीदार असेल म्हणून मर्टलनं बसल्या जागेवरनंच दार ओढलं.

दारात एक साठीकडे झुकलेला माणूस. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद लावलेली फळी. दोन जिने चढून दम लागलेला.

"नमस्कार. मी पिलिंग. टीव्ही परवान्याच्या चौकशीसाठी आलो आहे. खोली नंबर चौदा, कुमारी प्रॉसर आपणच का?"

एकोणसाठ वर्षांची मर्टल एका क्षणात अकराची झाली. तिला वाटलं, म्हणावं, चुकीच्या खोलीत आलाय, इथं कोण न्हाई, जा. पण मागनं दोन कप घेऊन बेथन आलीच.

"मी प्रॉसर. काय झालं?"

"आपली परवानगी असेल तर आत येऊन बघेन. नको म्हणायचा हक्क आहे आपल्याला."

"या की," बेथन म्हणाली. "लपवण्यासारखं काय आहे? मी बघते, कार्यक्रम लागतो त्याच वेळी बघते. पण नियम मला पाठ आहे. घरच्या पत्त्यावर परवाना असला, आणि विद्यार्थी नुसत्या बॅटरीवर बघत असला, तर वेगळा परवाना लागत नाही."

"बरोबर," पिलिंग म्हणाला. "नुसत्या बॅटरीवर. मशीन भिंतीच्या विजेला जोडलेलं असता कामा नये." आणि त्याच्या हातातलं पेन लॅपटॉपच्या कुशीतनं निघून टेबलामागं उतरलेल्या काळ्या वायरीवर जाऊन थांबलं. "मग हे?"

बेथननं वायर बघितली. हातातले कप टेबलावर ठेवले. मग मर्टलकडे बघितलं.

तेव्हा मर्टलला कळलं. ती गुंडाळून ठेवलेली वायर. रोजची. काटकसर नव्हती ती.

"म्या लावलं," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच, नेलीचा होता. "साहेब, हिनं न्हाई लावलं. ही चहाला गेली हुती. म्याच खुपसली ती पिन. मला काय ठावं? मला वाटलं, मशीन मरतंय बिचारं."

"खोली आपली आहे का?"

"झाडते म्या."

"झाडणाऱ्याची खोली होत नाही, मॅडम."

"मग मला झाडणारी म्हणून लिवा! पर लिवा मलाच. बघत बी म्याच हुते. त्या टकल्याला ईचारा पायजे तर. हिला नोकरी लागलीया, लहान पोरांच्या वॉर्डात. तो बघा फारम. त्यात ईचारलंय, गुन्हा हाय का. साहेब, माझं आयुष्य झाडण्यात गेलं, त्यावर आणि काय डाग लागंल? हिचं अजून सुरू व्हायचंय."

पिलिंगनं फॉर्मकडे बघितलं. मग नजर काढून घेतली, जशी दुसऱ्याच्या ताटावरनं काढतात.

"एकेक बघू," तो म्हणाला. "आधी घरचा परवाना. कुणाच्या नावावर आहे?"

"आजीच्या. पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट मिळतो तो."

"मिळतो. पण अर्ज करावा लागतो. पुष्कळ म्हाताऱ्यांना वाटतं, वय झालं की आपोआप येतो. अर्ज केला होता का त्यांनी?"

बेथनचा चेहरा आणखी उतरला. तिला ते माहीत नव्हतं. कुणाला माहीत असतं, आजीनं कुठले अर्ज केलेत ते? तिनं फोन लावला आणि आवाज मोठा करून पलंगावर ठेवला. बराच वेळ वाजला. मग वेल्सच्या डोंगरातला तो हेल काढलेला आवाज आला.

"कोण ता? बेथन? काय झाला गो? ताप इलो काय?"

"नाही आजी. मला सांग, टीव्हीचा परवाना आहे ना आपला?"

"परवानो? असा मा! कित्याक?"

"मॅडम," पिलिंग पुढे वाकला, "मी परवाना खात्यातून बोलतोय. आपण अर्ज केला होता का?"

"ह्यो कोण बापयो तुझ्या खोलीत?" आजी म्हणाली.

"आजी! सरकारी आहेत ते."

"सरकारी बापयो पण बापयोच. थांबा, चष्मो बघतंय. माका पंचाहत्तर सरली, तेव्हाच पोस्टातल्या बाईन अर्ज भरून दिल्यान. घड्याळाच्या मागे ठेवलेलो असा." खुडबुड, एक डबा पडल्याचा आवाज, एक बारकी शिवी. "मेळलो! वाचू काय नंबर?"

तिनं नंबर वाचला. मधे दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासनं सुरू केला. पिलिंगनं त्याच्या यंत्रात घातला. मर्टल ओठ हलवत होती. कॅथलिक बाई, जपमाळ कामाला आणत नसे, पण बोटांवर प्रार्थना मोजत होती.

"चालू आहे," पिलिंग म्हणाला. "पुढच्या मार्चपर्यंत."

बेथननं डोळे मिटून श्वास सोडला.

"म्हणजे अर्धा नियम बसला," तो म्हणाला. "राहिला चार्जर." त्यानं फळीवरचा वरचा कागद उलटला. खाली दुसरा कागद होता, जाड, छापील. त्याचा आवाजही बदलला, पाठ केल्यासारखा झाला. "कुमारी प्रॉसर, आता मी जे विचारेन त्याचं उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक नाही. पण आपण जे सांगाल ते पुढे पुराव्यात..."

मर्टलला पुढचं ऐकू येईना. तिला तो भिंतीवरचा उजळ चौकोन दिसत होता. आणि समोर, पडद्यावर, टकल्या शेवटच्या काळ्या चेंडूवर वाकला होता. काठी मागं घेतली. मागं. आणखी मागं.

आणि खटकन अंधार.

पिलिंगचं वाक्य अर्ध्यावर लोंबत राहिलं.

"कुणी बंद केलं?" तो म्हणाला.

"कुणी न्हाई," मर्टल म्हणाली. "म्या हातबी लावला न्हाई या बारीला."

बेथननं एक कळ दाबली. दुसरी दाबली. "मेला," ती म्हणाली. "बॅटरी संपली." मग तिच्या कपाळावर आठी आली. "पण चार्जर तर लावलाय."

तिघांनी वायरीकडे बघितलं. पिलिंगनं फळी टेबलावर ठेवली, एका हातानं टेबल धरलं आणि गुडघे कडकड वाजवत खाली बसला. टेबलाखाली डोकं घातलं. थोडा वेळ त्याचं नुसतं बूड दिसत होतं.

आणि मग टेबलाखालनं आवाज आला. पण तो मघाचा सरकारी आवाज नव्हता. तो त्याच गावच्या, त्याच गिरण्यांच्या गल्लीतला आवाज होता.

"आवो बाई! बटण बंद हाय की हे!"

"मग?" मर्टल म्हणाली. "आसणारच की. पिन काढताना म्या बंदच करते. मग म्या कशाला चालू करती?"

"म्हंजे पिन खोचली, आन् बटण दाबलंच न्हाई?"

"चित्र तर दिसत हुतं! मला वाटलं, जेवतंय."

टेबलाखाली आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं. मग कळलं की माणूस हसतोय. डोकं टेबलाला आपटलं तरी हसतोय. बेथननं तोंडावर हात दाबला, आणि हसू का रडू ते तिचं तिलाच कळेना.

पिलिंग उठला, पँटीवरची धूळ झटकली. मर्टलला त्या धुळीचीच लाज वाटली. त्यानं बोटांवर मोजलं. "बटण बंद, म्हंजे भिंतीची वीज न्हाई. वीज न्हाई, म्हंजे बॅटरीवरच चाललं हुतं, आन् ती माझ्या डोळ्यांदेखत मेली. बॅटरी म्हंजे आजीचा परवाना. आजीचा परवाना हाय. खेळ खलास." जाड कागद त्यानं परत खाली सारला आणि वरच्या कागदावर लिहिलं. लिहिता लिहिता वाचून दाखवलं, परत सरकारी आवाजात: "खोली पाहिली. वेगळ्या परवान्याची गरज नाही."

मर्टल पलंगावर बसली. बेथननं तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

"आवर, आवर. पाईवर बसशील," मर्टल म्हणाली, आणि तिला घट्ट धरून ठेवलं.

"कोण रडता थंय?" पलंगावरनं आवाज आला. फोन चालूच होता. आजी सगळं ऐकत बसली होती.

"कुणी नाही आजी. झालं सगळं नीट. टकल्या काळ्या चेंडूवर वाकला आणि आमचं चित्रच गेलं."

"मगे माका सांगूक नको? थांबा. माझ्याकडे परवानो असा. लावतंय."

तिकडे टीव्ही सुरू झाल्याचा आवाज. इकडे तिघं फोनभोवती, चुलीभोवती बसल्यासारखी. पिलिंगनं घड्याळ बघितलं, अजून एक मजला बाकी आहे म्हणाला, आणि बसला. बेथननं त्याला मर्टलचा कप दिला.

"ह्यो मेलो नुसतो फिरता टेबलाभोवती," आजी सांगायला लागली. "मघाशी नेम धरलेल्यान, पण उठलो परत. काठयेक खडू लावता. आता वाकलो. मागे घेतल्यान..." थांबली. तिघांचा श्वास थांबला. "गेलो! गेलो भोकात! जिंकलो टकलो!"

"माझ्या क्लिफर्डनं बी तोच धरला आस्ता," मर्टल म्हणाली आणि थंडगार पाईचा लचका तोडला. इतकी चवदार पाई तिनं कधी खाल्ली नव्हती.

पिलिंग निघाला तेव्हा मर्टल त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली. दार अर्धं ओढून घेतलं. विचारू की नको, असं करत उभी राहिली.

"साहेब, तुमी ह्या कामात किती वर्सं?"

"सव्वीस."

"ते पेटीचं टीव्ही आसायचं बघा. नाणं टाकायचं. कुणी आसं म्हनलेलं तुमाला ठावं हाय का, की पेटीत नाणं टाकतो, म्हंजे परवाना भरतोच की?"

पिलिंगनं तिच्याकडे बघितलं.

"माझ्या आधीची गोष्ट ती," तो म्हणाला. "पर मला काम शिकवणारा म्हातारा सांगायचा. गिरणीच्या गल्लीत शिरलं की चार घरांतलं एक घर पेटी दाखवायचं. चहा देऊन दाखवायचं. त्यो म्हणायचा, चोर कधी आपली पेटी दाखवंल का? त्याला लई वाईट वाटायचं लिवताना."

"चारातलं एक?"

"चारातलं एक."

मर्टलनं मान हलवली. चारातलं एक. म्हणजे गल्लीत दहा तरी. आणि तिची आई जन्मभर समजत होती की सगळ्या प्रेस्टनात अशी एकटी तीच.

"जिन्याला धरून उतरा," ती म्हणाली. "दुसऱ्या पायरीला पाणी हाय, म्याच पुसलंय."

खोलीत परत आली, तर बेथन काळ्या शाईचं पेन घेऊन फॉर्मवर वाकली होती. नाही या शब्दापुढं तिनं खूण केली, नीट, चौकोनाच्या बाहेर न जाऊ देता. मर्टल टेबलाखाली वाकली आणि तिनं ते बटण स्वतःच्या हातानं चालू केलं.

"आता जेवू दे त्याला," ती म्हणाली. "आता कोण बघत न्हाई."

सप्टेंबरात बेथन मुलांच्या वॉर्डात गेली आणि चौदा नंबरात गणित शिकणारा एक पोरगा आला. त्यानं टेबलावर लॅपटॉप मांडला, वायर भिंतीत खोचली, फुटबॉल लावला. मर्टल व्हॅक्यूम घेऊन दारात उभी.

"परवाना काढलायस का रं?"

"विद्यार्थ्यांना माफ असतो ना?"

"न्हाई आसत. घरी हाय का परवाना?"

"आईचा आहे."

"नक्की हाय का बघ. फोन कर तिला. आन् मग ती वायर काढ," मर्टल म्हणाली, आणि तो उठायच्या आत तिनंच वाकून बटण बंद केलं.